मागणाऱ्याचा शब्द

माझ्या मते मी आजवर काढलेले सर्वांत चांगले छायाचित्र तीन वर्षे कोणीही विकत घेतले नाही. त्याच दिवशी, त्याच गच्चीवर, लेन्स बदलता बदलता सहज टिपलेले तिळाच्या चिक्कीच्या ताटलीचे छायाचित्र मात्र दर जानेवारीत न चुकता विकले जात असे. चिक्कीवर माझा राग नाही. पण एकाच दिवसाच्या ह्या दोन अपत्यांच्या नशिबात एवढे अंतर का पडावे, ह्याचा उलगडा मला फार उशिरा झाला. तो झाला तेव्हा कळले की दोष कॅमेऱ्याचा नव्हता, उजेडाचा नव्हता आणि गिऱ्हाइकांच्या अभिरुचीचाही नव्हता. दोष मी त्या छायाचित्राला जोडलेल्या शब्दांचा होता.

छायाचित्र असे आहे: बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराची गच्ची, उत्तरायणाची, म्हणजे मकर संक्रांतीची, संध्याकाळ आणि कठड्याला टेकून उभी असलेली माझी आत्या. तेव्हा तिचे वय 74 होते. दोन्ही हातांत मांज्याची फिरकी, मान मागे टाकलेली, आणि शेजारच्या गच्चीवरचा पतंग नुकताच कापला गेल्यामुळे चेहऱ्यावर असे हसू, जे आमच्या घरात एरवी फक्त तिने कोणाचे तरी शुद्धलेखन दुरुस्त केल्यावर पाहायला मिळते. तिच्या डाव्या बाजूला मोकळे, फिकट नारिंगी आकाश आहे आणि त्यात दूरवर विखुरलेले पतंग. ते विक्रीला ठेवायचे तर तिची लेखी संमती आवश्यक होती, म्हणून मी मॉडेल रिलीजचा कागद तिच्यापुढे केला, तेव्हा तिने चष्मा पुसून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एक स्वल्पविराम चुकीच्या जागी असल्याचे सांगितले आणि मगच सही केली.

लग्नाच्या फोटोंचा माझा स्टुडिओ मोबाइलच्या लाटेत हळूहळू ओस पडू लागला, तेव्हा मी स्टॉक फोटोंकडे वळलो. 2000 साली आयस्टॉकफोटो आणि 2003 साली शटरस्टॉक ही छायाचित्रे विकणारी संकेतस्थळे सुरू झाली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत माझ्यासारख्या गल्लीतल्या फोटोग्राफरलाही आपली छायाचित्रे जगाच्या बाजारात मांडणे शक्य झाले. जाहिरात, माहितीपत्रक, पाठ्यपुस्तक किंवा संकेतस्थळ तयार करणारा माणूस तिथे येतो, शोधाच्या चौकटीत दोनचार शब्द टाइप करतो, समोर आलेल्या पानांवरून नजर फिरवतो आणि हवे ते छायाचित्र वापरण्याचा परवाना विकत घेतो. फोटोग्राफरला त्यातला लहानसा वाटा मिळतो. ह्या सगळ्यात छायाचित्र स्वतःहून कोणाच्याही पुढे जाऊन उभे राहत नाही. ते काढणाऱ्याने त्याला जोडलेले शीर्षक आणि कीवर्ड ह्यांच्या आधारानेच ते शोधले जाते. हे शब्द फाइलच्या पोटातच साठवलेले असतात. वृत्तसंस्थांनी 1965 साली स्थापन केलेल्या आयपीटीसी ह्या संघटनेने त्यासाठीचे रकाने ठरवून दिले आहेत, आणि आजही बहुतेक फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये ते त्याच नावाने दिसतात. छायाचित्र कुठेही गेले तरी त्याच्या चिठ्ठ्या सहसा त्याच्याबरोबर जातात, त्यामुळे त्या नीट लिहिण्याचे काम एकदाच पण मन लावून करावे लागते.

मी मन लावले होते, पण भलत्याच ठिकाणी. आत्याच्या छायाचित्राला मी 47 कीवर्ड दिले होते आणि ते लिहिताना मला आपण कविता करत असल्याचा भास झाला असावा. पहिला शब्द 'नॉस्टॅल्जिया'. त्यानंतर 'मेमरी', 'होमटाउन', 'लाँगिंग', 'टाइम', 'रूट्स', 'इनोसन्स', 'सोल'. 'काइट' हा शब्द एकतिसावा होता. 'वुमन' होते, पण ती वृद्ध आहे हे सांगणारा एकही शब्द नव्हता, ती हसते आहे हेही कुठे म्हटलेले नव्हते. जे छायाचित्रात डोळ्यांना दिसत होते ते सगळे मी गृहीत धरले होते आणि जे फक्त माझ्या मनात होते त्याची यादी केली होती. चिक्कीच्या ताटलीला मात्र कंटाळून घाईघाईत 'तीळ', 'गूळ', 'चिक्की', 'मिठाई', 'मकर संक्रांत', 'ताटली', 'वरून घेतलेले दृश्य' अशा अर्थाचे साधे इंग्रजी शब्द टाकले होते.

ही यादी मी एकदा आत्याला दाखवली, कारण हा तिचा प्रांत होता. तिने आयुष्यातली बत्तीस वर्षे एका वाचनालयात तालिकेचे काम केले. म्हणजे लाकडी खणांतल्या त्या जाड कार्डांवर पुस्तकाचे नाव, लेखक आणि विषय सुवाच्य अक्षरात लिहिणे, आणि मुख्य म्हणजे कोणते पुस्तक कोणत्या विषयशीर्षकाखाली जाईल ते ठरवणे. बडोद्यात ह्या कामाला एक कूळ आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून घेतले, त्याने संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणण्याच्या कामाला रूप दिले आणि बडोद्यासाठी पुस्तकांच्या वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धतही तयार केली. आत्याच्या पिढीतले लोक बोर्डनचे नाव घरातल्या एखाद्या दूरच्या काकासारखे घेत. तिने माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "ह्यात तुला फोटो पाहून काय वाटलं ते सगळं आहे. पण फोटो मागायला येणारा माणूस काय म्हणून मागेल?"

मग तिने मला तिच्या शिक्षणातला एक जुना नियम सांगितला. चार्ल्स कटर ह्या अमेरिकन ग्रंथपालाने तो 1876 साली घालून दिला. पुस्तक ज्या नेमक्या विषयावर आहे त्या विषयाच्या नावाखालीच त्याची नोंद करावी, तो विषय ज्यात मोडतो त्या मोठ्या वर्गाखाली करू नये. त्याने उदाहरण दिले होते मांजरांवरच्या एका पुस्तकाचे: ते 'मांजर' ह्या शब्दाखाली ठेवा, 'प्राणिशास्त्र', 'सस्तन प्राणी' किंवा 'पाळीव प्राणी' ह्यांच्याखाली नको. मांजरांबद्दल वाचायला आलेला माणूस 'म' चाच खण उघडणार. आणि समजा तो दुसऱ्याच शब्दाने शोधायला आला, तर त्या शब्दाच्या जागी एक कार्ड ठेवायचे आणि त्यावर लिहायचे, 'मांजर पाहा'. आत्या म्हणाली की तिच्या कामातला निम्मा वेळ ही 'पाहा'ची कार्डे लिहिण्यात जात असे, आणि वाचकांना त्यांचाच सर्वांत जास्त उपयोग होई.

स्टॉक फोटोंच्या बाबतीत कटरचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, हे मी तिला सांगितले. इथे एका छायाचित्राला एकच खण नसतो. शटरस्टॉकवर कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 50 कीवर्ड देता येतात, अडोबी स्टॉकवर 49 पर्यंत. त्यामुळे 'मांजर'ही लिहिता येते आणि 'पाळीव प्राणी'ही. पण म्हणूनच मोह सुटतो. पन्नास रकाने मोकळे दिसले की ते भरलेच पाहिजेत असे वाटू लागते, जेवणावळीत पानावर रिकामी जागा दिसली की वाढप्याला वाटते तसे. अडोबी स्टॉकवर तर शब्दांच्या क्रमालाही वजन आहे. पहिल्या दहा शब्दांना शोधात अधिक महत्त्व मिळते. म्हणजे माझ्या यादीत सर्वांत मोलाच्या जागेवर 'नॉस्टॅल्जिया' विराजमान होते आणि पतंग मागच्या दाराशी ताटकळत उभा होता. आत्याने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे खण पन्नास आहेत, पण दाराजवळचे दहाच. मग दहांत काय ठेवायचं ते आधी ठरव ना."

मागणारा नेमका काय म्हणून मागतो, हे मला माझ्या मुलीने दाखवले. ती पुण्यात एका डिझाइन स्टुडिओत काम करते आणि दिवसाचा बराचसा वेळ अशीच छायाचित्रे शोधण्यात घालवते. दिवाळीत घरी आली असताना ती ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य तपासणीचे एक पत्रक करत होती, आणि मी मागे खुर्ची टाकून बसलो. तिने आधी 'सीनियर इंडियन वुमन हॅपी' असे टाइप केले. पाने भरून आली; सगळ्या बायका सोफ्यावर बसून कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. तिने 'हॅपी' खोडून 'लाफिंग' लिहिले. मी कारण विचारले, तर म्हणाली, "बाबा, 'हॅपी' म्हटलं की टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात येतात. मला खरं हसणारं माणूस पाहिजे." मग तिने 'कॅन्डिड' जोडले, 'आउटडोअर्स' जोडले, चित्र आडवे हवे आणि त्यात एकच व्यक्ती हवी अशा खुणा केल्या, आणि शेवटी 'कॉपी स्पेस' लिहिले, म्हणजे मजकूर बसवण्यासाठी एका बाजूला मोकळी जागा. एका पानावर तिची नजर चारपाच सेकंदांच्या वर रेंगाळत नव्हती. मी मनातल्या मनात आत्याच्या छायाचित्राशी पडताळत होतो: वृद्ध, भारतीय, स्त्री, हसणारी, नकळत टिपलेली, मोकळ्यावर, आडवे, एकटी, डावीकडे आकाशाची मोकळी जागा. एकूण एक गोष्ट त्यात होती आणि 'वुमन' सोडले तर एकही गोष्ट मी लिहिली नव्हती.

तिने आणखीही काही शब्द वापरून पाहिले: 'ॲक्टिव्ह सीनियर', 'हेल्दी एजिंग', 'रिटायरमेंट'. हे मला नवे होते, कारण ते डोळ्यांना दिसणारे शब्द नव्हते. ते भावनेचेच शब्द होते, पण माझ्या भावनेचे नव्हते; पत्रक काढणाऱ्याला जे सांगायचे आहे त्याचे होते. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द वाईट आहे असे नव्हे. पिवळ्या पडलेल्या पत्रांच्या किंवा जुन्या रेडिओच्या छायाचित्राला तो शोभून दिसतो, कारण पाहणाऱ्यालाही तिथे तेच जाणवते. आत्याच्या छायाचित्रात गतकाळाची हुरहुर कुठेही नाही. ती तर शेजाऱ्याचा पतंग कापला म्हणून खूश आहे. हुरहुर मला वाटत होती, कारण ते घर विकायचे घाटत होते, आणि ही गोष्ट छायाचित्रात कुठल्याही बाजूने येत नाही.

त्यानंतर मी रीतसर अभ्यासाला लागलो आणि त्यासाठी खंडेराव मार्केटच्या भाजीबाजारासारखी शाळा नाही. पौषात तिथे उंधियूच्या भाज्यांचे ढीग लागतात आणि मी दरवर्षी तेथे छायाचित्रे काढतो. जांभळी, गोटीएवढी वांगी. आपल्याकडे इंग्रजीत त्यांना 'ब्रिंजल' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'ऑबर्जिन' आणि अमेरिकेत 'एगप्लांट'. मी अनेक वर्षे फक्त 'ब्रिंजल' लिहीत होतो, म्हणजे दोन खंडांतील गिऱ्हाइकांच्या तोंडावर मी दार लावून घेतले होते. कोथिंबिरीचेही तसेच, ब्रिटिशांचे 'कोरिएंडर' ते अमेरिकनांचे 'सिलांट्रो'. भेंडीने तर माझी फजितीच केली. 'लेडीज फिंगर' लिहिले, ते दोन वेगळ्या शब्दांत मोडले गेले, आणि माझी हिरवीगार भेंडी नखांना रंग लावलेल्या बायकांच्या हातांच्या शेजारी जाऊन बसली. 'ओक्रा' हा शब्द मला त्या दिवशी पाठ झाला. इथे आत्याची 'पाहा'ची कार्डे अगदी तंतोतंत लागू पडतात: एकाच वस्तूची सगळी चालू नावे द्यायची, कारण कोणत्या गावचा माणूस कोणते नाव घेऊन येईल ते आपल्याला ठाऊक नसते. बडोद्याला हेही नवे नाही. सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा एक जाडजूड कोश करवून घेतला, तो 1931 साली छापला गेला, आणि त्यात एकेका संज्ञेसाठी अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडलेले आहेत. गुजराती प्रजा, मराठी दरबार आणि इंग्रजी पत्रव्यवहार ह्यांच्यात वावरणाऱ्या कारकुनाला एका गोष्टीची चार नावे माहीत असावीच लागत.

ह्याच्या उलटही घडते: नाव एक आणि वस्तू दोन. उत्तरायणाच्या छायाचित्रांना 'काइट' हा शब्द लावावा, तर इंग्रजीत 'काइट' म्हणजे पतंग आणि 'काइट' म्हणजेच घार. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, मांज्याने पंख कापलेली एक घार आमच्या कठड्यावर येऊन पडली होती. पक्ष्यांसाठी काम करणारी मुले तिला उचलून नेईपर्यंत मी तिची दोनचार छायाचित्रे काढली, आणि ती अपलोड करताना थबकलो, कारण एकाच चित्रात 'काइट'मुळे जखमी झालेला 'काइट' होता. अशा वेळी जोडशब्द कामाला येतात: 'काइट फ्लाइंग', 'पेपर काइट' एकीकडे, 'ब्लॅक काइट', 'बर्ड ऑफ प्रे' आणि शास्त्रीय नाव 'मिल्वस मायग्रन्स' दुसरीकडे. गेटीसारख्या काही मोठ्या संस्था ह्यावर उपाय म्हणून नियंत्रित शब्दसंग्रह वापरतात. तुम्ही 'काइट' लिहिले की कोणता, असे तिथे विचारले जाते आणि तुम्हाला अर्थ निवडावा लागतो. ही पद्धत मला फार सभ्य वाटते. आपली मराठी तरी कुठे कमी आहे म्हणा. 'पतंग' म्हणजे दोऱ्यावर उडणारा आणि 'पतंग' म्हणजे दिव्यावर झेपावणाराही.

शास्त्रीय नावांचे महत्त्व मला वडाने पटवले. ज्या झाडावरून ह्या शहराला वटपद्र हे जुने नाव मिळाले, त्याची छायाचित्रे माझ्याकडे असणारच. इंग्रजीत तो 'बॅन्यन', आणि गंमत अशी की हा शब्द मूळचा आमच्याच भागातला: गुजराती 'वाणियो', म्हणजे व्यापारी, तो पोर्तुगिजांच्या तोंडी 'बनियन' झाला, आणि इराणच्या आखाताकाठी हे व्यापारी ज्या झाडाखाली जमत त्या झाडालाच युरोपीय लोक तेच नाव देऊन बसले. आपण अंगात घालतो ते बनियनही त्याच घराण्यातले. पण शब्दाची कुळकथा कितीही गोड असली, तरी विश्वकोशासाठी किंवा वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकासाठी छायाचित्र शोधणारा संपादक 'फायकस बेंगालेन्सिस' असेच लिहितो, कारण त्याला पिंपळ चुकूनही नको असतो. तोच माणूस पारंब्यांसाठी 'एरियल रूट्स' लिहील, म्हणून मीही ते लिहिले, आणि तेथे पुन्हा ठेच लागली. 'एरियल' हा शब्द सुटा घातला की वडाच्या पारंब्या ड्रोनने घेतलेल्या विमानदृष्टीच्या छायाचित्रांत जाऊन मिसळतात. तेव्हापासून दोन शब्दांची जोडी मी कधी तोडत नाही, आणि जिथे ती तुटण्याची भीती असते तिथे ती टाकतच नाही.

हे सगळे शिकल्यावर माझ्या अंगात भलताच उत्साह संचारला, आणि तो मला महागात पडला. सूरसागर तलावाच्या सूर्यास्ताच्या एका छायाचित्राला मी जगातला प्रत्येक संबंधित शब्द जोडला: 'बोट' होती, कारण तलावात कधीकधी नाव असते, त्या छायाचित्रात नव्हती, 'टुरिस्ट' होता, कारण पर्यटक येतात, 'ताजमहाल'सुद्धा होता, कारण भारत म्हटले की लोक तेच शोधतात, असा माझा हिशेब. एका संस्थेने ते छायाचित्र तर नाकारलेच, पण त्याबरोबर पाठवलेले बाकीचे अकराही परत केले, आणि कारण दिले: 'असंबद्ध कीवर्ड'. मला राग आला, आणि तो दोनचार दिवस टिकला. नंतर मुलीची ती चार सेकंदांची नजर आठवली. 'बोट' शोधणाऱ्याला माझा रिकामा तलाव दिसला असता तर त्याने तो विकत घेतला नसताच, उलट वैतागून पान उलटले असते. आता मी प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारतो: हा शब्द टाइप करणाऱ्याला हे छायाचित्र पाहून आनंद होईल का? बहुतेक वेळा शब्द पंचवीस ते तीसच्या दरम्यान संपतात. उरलेले रकाने मोकळे ठेवायला मात्र मन घट्ट करावे लागते.

काही शब्दांबाबत मनाला विचारण्याची सोयच नसते. व्यावसायिक वापराच्या छायाचित्राला कंपन्यांची नोंदणीकृत नावे जोडता येत नाहीत, मग चित्रात त्या कंपनीचे बूट असोत वा मोबाइल. बातमी किंवा माहितीसाठीच वापरायच्या एडिटोरियल छायाचित्रांचे शिस्तीचे वेगळे बंधन आहे: शहर, राज्य, देश, तारीख आणि मग काय चालले आहे त्याचे कोरडे वर्णन. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हाची माझी छायाचित्रे ह्या प्रकारची आहेत, आणि त्यांच्या वर्णनात 'भीषण' किंवा 'हृदयद्रावक' असे विशेषण घालण्याची मला परवानगी नव्हती, ह्याबद्दल मी आज आभारी आहे. शहराच्या नावाचीही एक अडचण असते. 1974 साली 'बरोडा'चे अधिकृत 'वडोदरा' झाले, पण परदेशातले, विशेषतः पूर्वी इथे शिकून गेलेले लोक अजून 'बरोडा'च शोधतात, तेव्हा दोन्ही नावे द्यावी लागतात. आम्ही घरात ज्याला 'बडोदे' म्हणतो ते तिसरे नाव मात्र कोणी टाइप करत नाही. गरब्याचेही असेच काळजीने पाहावे लागते. 2023च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने गरब्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हापासून तो शब्द जाणीवपूर्वक शोधणारे वाढणार हे उघड होते, आणि तरीही टिपऱ्या घेऊन खेळल्या जाणाऱ्या रासाच्या छायाचित्रांना सर्रास 'गरबा' असे नाव दिलेले आढळते. हातात टिपरी असेल तर 'दांडिया रास' लिहावे. एवढे तरी बडोदेकराने चुकू नये.

अलीकडे संगणक स्वतःच कीवर्ड सुचवतो. चित्र चढवले की तो ते पाहतो आणि पन्नास शब्दांची यादी क्षणात हजर करतो. आळसाच्या दिवशी मी तिचा आधार घेतो, आणि 'आकाश', 'स्त्री', 'हसणे' ह्या बाबतीत ती सहसा चुकत नाही, किंबहुना पहिल्या यादीचे काम संगणकाकडे सोपवले असते तर आत्याचे छायाचित्र पहिल्या वर्षीच विकले गेले असते, हे मला मान्य केलेच पाहिजे. पण आमच्या ढोकळ्याला संगणकाने 'चीजकेक' म्हटले, शेव-उसळीला 'टोमॅटो सूप' म्हटले आणि आत्याच्या हातातल्या फिरकीला 'रोलिंग पिन', म्हणजे लाटणे. आत्या ह्यावर बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, "आमच्याकडेही एक नवा मुलगा आला होता, तो पुस्तकं न उघडता नुसत्या मुखपृष्ठावरून कार्डं करायचा."

फिरकीच्या बाबतीत मी तरीही अडलो. इंग्रजीत तिला 'स्पूल' किंवा 'रील' म्हणता येते आणि ते मी दोन्ही लिहिले. पण 'फिरकी' हा शब्द लिहावा की नाही? तो कोण टाइप करणार? भारतातलेच काही लोक, पतंगाच्या मोसमात, कदाचित. आठवडाभर मी तो घालत होतो आणि काढत होतो. कटरच्या नियमाने पाहिले तर ती वस्तू नेमकी फिरकीच आहे, रीळ नव्हे, आणि नेमक्या शब्दाने मागणारा वर्षातून एकच आला तरी त्याला दुसरे काहीही चालणार नाही. शिवाय नेमक्या शब्दाच्या खणात गर्दी नसते. 'वुमन' म्हटले की जगातल्या सगळ्या बायका रांगेत उभ्या असतात; 'फिरकी' म्हटले की दारात मोजकीच माणसे. मी तो दहाव्या क्रमांकावर ठेवला. अकराव्यावर ठेवायला हरकत नव्हती, पण मग तो दाराजवळच्या खणात बसला नसता.

नवी यादी अशी सुरू होते: सीनियर वुमन, लाफिंग, काइट फ्लाइंग, इंडियन, रूफटॉप, कॅन्डिड, कॉपी स्पेस, मकर संक्रांत, उत्तरायण, फिरकी. एकूण शब्द 28. पुढच्या जानेवारीच्या आधीच, नोव्हेंबरात, ते छायाचित्र पहिल्यांदा विकले गेले आणि त्यानंतर अधूनमधून विकले जाते. ते कुठे छापले गेले हे मला कळत नाही. कोणाच्या तरी पत्रकावर, डावीकडच्या नारिंगी आकाशात कोणत्या तरी भाषेतला मजकूर बसला असेल. चिक्कीशी त्याची बरोबरी अजून झालेली नाही. घर मात्र विकले गेले, आणि आत्या आता आमच्याबरोबर फ्लॅटमध्ये राहते, जिथे गच्चीला कुलूप असते.

सध्या माझ्या पुढ्यात विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेल्या एका मगरीचे छायाचित्र आहे. हिला इंग्रजीत 'मगर' म्हणतात ते आपल्याच शब्दावरून, पण 'मगर' असा सुटा शब्द इंग्रजीत रस्त्यात गाठून लुटणाऱ्या चोरालाही लावतात, तेव्हा 'मगर क्रोकोडाइल' अशी जोडी लिहिली आणि शेजारी 'क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस'. आत्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि पडद्याकडे निरखून पाहत म्हणाली, "ही मगर की सुसर?" मी म्हणालो की मगरच, तोंड रुंद आहे. तिने मान डोलावली, पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. "मराठीत कित्येक जण हिलाच सुसर म्हणतात," ती म्हणाली, "त्यांच्यासाठी काय केलंयस?" मराठीतून कोणी शोधत नाही, असे मी सांगणार होतो. यादीत अजून एकवीस रकाने मोकळे होते.